भावप्रकाशांतील फिरंगरोगाधिकार

भावमिश्राचा भावप्रकाश हा ग्रंथ वैद्यांच्या उपयोगाचा म्हणून जितका वाचला गेला, तितका इतिहासाचें साधन म्हणून वाचला गेला नाहीं. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांकडूनही त्याची उपेक्षाच झाली आहे. वेदान्ताचें, काव्याचें किंवा बखरीचें सुटें पान हातीं लागलें तरी तें जपून ठेवावयाचें, आणि वैद्यकाची सबंध पोथी मिळाली तरी 'काढ्याचूर्णांची आहे' म्हणून ती बाजूस सारावयाची, हा प्रघात आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिला. वास्तविक कालनिर्णयाच्या कामीं वैद्यकग्रंथाचें साहाय्य फार मोठें आहे. कवीस तींच नगरें व तेच ऋतु पुनःपुन्हा वर्णितां येतात. वैद्यास मात्र समोर बसलेल्या रोग्याचें दुखणें ओळखावें लागतें, आणि तें पूर्वींच्या ग्रंथांत नसेल तर नवें प्रकरण लिहावें लागतें. असें एक नवें प्रकरण भावप्रकाशाच्या मध्यमखंडांत आहे. प्रचलित छापील प्रतींत तें ५९ वें असून फिरंगरोगाधिकार या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचें परीक्षण करावें, आणि त्याविषयीं जे दोन-तीन समज रूढ झाले आहेत ते कितपत टिकतात हें पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रकरण लहान आहे. आरंभीं रोगाच्या नांवाची उपपत्ति, मग निदान, मग बाह्य, आभ्यंतर आणि बहिरंतर्भव असे तीन प्रकार, त्यांचीं लक्षणें, उपद्रव, साध्यासाध्यविचार व शेवटीं चिकित्सा, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम जुनाच, माधवकरापासून चालत आलेला. परंतु त्या जुन्या चौकटींत जो रोग बसविला आहे तो मात्र चरकास, सुश्रुतास, वाग्भटास किंवा खुद्द माधवकरास ठाऊक नव्हता. चरकानें सूत्रस्थानांत वैद्यास असा धीर दिला आहे कीं, एखाद्या विकाराचें नांव सांगतां आलें नाहीं तर त्यांत लाज मानूं नये. सर्वच विकारांना ठरलेलीं नांवें नसतात, दोष ओळखून उपचार करावा. भावमिश्रास ही सवलत सहज घेतां आली असती. आलेल्या रोग्याचें दुखणें कुष्ठांत, विस्फोटांत किंवा उपदंशांत ढकलून तो मोकळा झाला असता. त्यानें तसें केलें नाहीं. हा रोग निराळा आहे, फिरंग नांवाच्या देशांत तो पुष्कळ आढळतो, म्हणून रोगज्ञ वैद्य त्यास फिरंग म्हणतात, असें त्यानें सरळ सांगून टाकलें. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या पंडितास हें लिहावयास सोपें गेलें नसेल.

नांवाविषयीं थोडेसें. आपल्या कागदपत्रांत फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज; इंग्रजास इंग्रज म्हणत, व वसईकडील पोर्तुगिजांच्या मुलखास फिरंगाण. शस्त्रांच्या यादींत फिरंग म्हणजे सरळ पात्याची विलायती तलवार. तेव्हां सुट्या पानांत नुसता 'फिरंग' शब्द दिसला तर मागचीं-पुढचीं वाक्यें पाहिल्याविना सूचीकारानें त्यास वैद्यकांत घालूं नये व शस्त्रांतही घालूं नये. परंतु हा शब्द कांहीं पोर्तुगिजांबरोबर गलबतांतून उतरलेला नाहीं. फ्रँक लोकांवरून अरबींत व फारसींत तो झाला आणि क्रूसयुद्धांच्या काळापासून पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांस तो लावला जात होता. उत्तर हिंदुस्थानांतील लेखकाच्या कानावर तो फारसीच्या द्वारें वास्को द गामाच्या आगमनापूर्वीं, म्हणजे इ. स. १४९८ पूर्वींही, पडलेला असूं शकेल. म्हणून ग्रंथांत 'फिरंग' शब्द आला एवढ्यावरून तो ग्रंथ पोर्तुगिजांनंतरचा, हें अनुमान लंगडें आहे. कालनिर्णयाचा आधार शब्द नसून रोग आहे. हा रोग युरोपांत प्रथम जोरानें दिसला तो इ. स. १४९५ च्या सुमारास, फ्रेंच सैन्याच्या नेपल्सवरील स्वारीच्या वेळीं. आणि तेथून थोड्याच वर्षांत तो समुद्रमार्गानें आशियांत पसरला. इटालियन लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा म्हणत, आणि तुर्कांच्या भाषेंत त्याचें नांव आजही फ्रेंगी असेंच आहे. वेरोना येथील वैद्य फ्रॅकास्टोरो यानें इ. स. १५३० मध्यें लॅटिन काव्य रचून त्यांतील एका गुराख्याच्या नांवावरून या रोगास जें नांव दिलें, तेंच सिफिलिस हें नांव आज शास्त्रांत चालतें. तात्पर्य, रोगास शेजाऱ्याचें नांव देणें ही त्या काळची सार्वत्रिक रीत होती. भावमिश्रानें दिलेल्या नांवांत विशेष द्वेष पाहण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य वादाकडे वळूं. हा रोग आपल्याकडे प्राचीन काळापासून होता, सुश्रुताचा उपदंश म्हणजेच हा रोग होय, असें कित्येक अर्वाचीन लेखक मोठ्या आग्रहानें प्रतिपादितात. कांहींचा हेतु आपल्या आचार्यांची सर्वज्ञता सिद्ध करण्याचा असतो. दुसरे कांहीं केवळ संवयीनें तसें लिहितात, कारण आजच्या मराठी वैद्यकीय लिखाणांत सिफिलिस या शब्दास 'उपदंश' हा प्रतिशब्द देण्याची वहिवाट पडली आहे. प्रतिशब्द म्हणून तो वापरावयास आमची हरकत नाहीं. कोणत्याही शास्त्रास शब्द लागतातच. हरकत आहे ती त्या प्रतिशब्दाचें बोट धरून सुश्रुताच्या काळांत मागें जाण्यास. सुश्रुतानें निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायांत वृद्धि व श्लीपद यांच्या जोडीनें उपदंशाचें वर्णन केलें आहे. त्याचे पांच प्रकार: तीन दोषांचे तीन, संनिपाताचा एक व रक्ताचा एक. कारणांत अतिप्रसंग, अस्वच्छता यांच्याबरोबर नखदंतांचे आघातही सांगितले आहेत. म्हणजे त्याच्या मनांतील उपदंश हा एक रोग नसून गुह्यभागीं होणाऱ्या नाना कारणांच्या व्रणशोथांचा समुदाय आहे. पुढें माधवकरानें त्याची असाध्यावस्था वर्णिली आहे. ती भयंकर आहे खरी, मांस झडून जातें, कृमि पडतात, रोगी दगावतो, परंतु आरंभापासून अंतापर्यंत व्याधि त्या एका अवयवांतच राहतो. नाक बसणें, हाडें वांकणें, सांधे धरणें, सर्वांगावर फोड उठणें यांचा त्यांत मागमूस नाहीं. आणि नेमकीं हींच लक्षणें फिरंगरोगाचें मर्म होत.

सर्वांत बलवत्तर पुरावा मात्र भावप्रकाशांतच आहे, व तो इतका उघड असून वादांत क्वचितच पुढें मांडला जातो याचें आम्हांस आश्चर्य वाटतें. भावमिश्रानें उपदंशावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे, आणि त्याच खंडांत बरेंच पुढें फिरंगरोगावर दुसरें. दोन्ही एकच असते तर एका ग्रंथकारानें एकाच खंडांत दोन अधिकार कशासाठीं लिहिले असते? तो कांहीं संग्राहकाप्रमाणें मिळेल तें भरणारा नव्हता; लटकनमिश्राचा हा पुत्र पूर्वसूरींचे ग्रंथ पुढें ठेवून विचारपूर्वक लिहिणारा होता. तेव्हां उपदंश म्हणजेच फिरंग असें ज्यांस म्हणावयाचें असेल, त्यांनीं प्रथम भावमिश्राचें खंडन केलें पाहिजे. आचार्यांचा गौरव करण्याच्या भरांत, ज्या एका आचार्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं रोग पाहून भेद केला त्यालाच खोटें पाडावयाचें, हा गौरवाचा प्रकार चमत्कारिक म्हटला पाहिजे. खुद्द रोगाच्या मूलस्थानाविषयीं पाश्चात्यांत दीर्घ काळ वाद होता, इ. स. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत अमेरिकाखंडांतील जुन्या अस्थींमधून या जातीच्या जंतूंचीं आनुवंशिक द्रव्यें मिळवून तपासण्यांत आलीं, व त्यांवरून हें कुल कोलंबसापूर्वींच त्या खंडांत नांदत होतें असें दिसून आलें आहे.

याचा अर्थ भावमिश्राचें निदान निर्दोष आहे असा नव्हे. निदान सांगतांना तो म्हणतो कीं फिरंगी लोकांच्या अंगसंसर्गानें, व विशेषेंकरून फिरंगिणीच्या प्रसंगानें, हा रोग होतो. येथें त्याच्या विचारांत एक घोंटाळा झाला आहे. रोगाचा उगम कोठून झाला हा एक प्रश्न. समोरच्या रोग्यास तो कशानें झाला हा दुसरा. वैद्यकांत निदान या शब्दानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अपेक्षित असतें, आणि भावमिश्र पहिल्याचें देतो. पोर्तुगीज स्त्रिया त्या काळीं हिंदुस्थानांत फारच थोड्या. आणि भावमिश्र तर गोंव्यापासून दूर, उत्तरेकडील ग्रंथकार. त्याच्यापुढें आलेल्या रोग्यांपैकीं कितीजणांनीं जन्मांत फिरंगीण पाहिली असेल? रोग एव्हांना आपल्याच गांवांतून, आपल्याच माणसांकडून आपल्याच माणसांस लागत होता. उगमास निदान मानल्याचा परिणाम असा कीं, वाचणारा वैद्य रोग्यास 'फिरंग्यांशीं संबंध आला काय?' असें विचारून, 'नाहीं' असें उत्तर येतांच भलत्याच रोगाचा विचार करूं लागणार. ग्रंथांतील ही उणीव लहान नव्हे.

याच ठिकाणीं त्यानें रोगास 'गंधरोग' असें म्हटलें आहे. या शब्दानें पुष्कळांस अडविलें आहे. कोणी गंध म्हणजे वास असें घेऊन रोग वासानें पसरतो असा अर्थ करतात. परंतु पुढें लगेच अंगसंसर्ग व प्रसंग हीं कारणें सांगितलेलीं असल्यामुळें तो अर्थ जुळत नाहीं. कोशकारांनीं गंध शब्दाचे आमोद, लेश, गर्व यांबरोबर संबंध असाही अर्थ नमूद केला आहे, आणि येथें तोच ग्राह्य धरावा असें आम्हांस वाटतें. गंधरोग म्हणजे संबंधानें, स्पर्शानें लागणारा रोग. सुश्रुतानें कुष्ठ, ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद हे एकाकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणारे रोग म्हणून पूर्वींच सांगितले आहेत. तेव्हां संसर्गाची कल्पना भावमिश्रास उसनी आणावी लागली नाहीं. त्यानें हा रोग आगंतुक ठरविला व दोषांचा संबंध मागाहून येतो, दोषांचीं लक्षणें पाहून वैद्यानें ते ओळखावे, असें सांगितलें. जुन्या सिद्धान्तांत नव्या अनुभवास जागा करून देण्याची ही युक्ति मोठी नेटकी आहे. कारण बाहेरचें, विकार आंतला. इ. स. १९०५ मध्यें शाउडिन व हॉफमन यांनीं या रोगाचा मळसूत्रासारखा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखला. त्या जंतूचें स्वप्नही भावमिश्रास पडणें शक्य नव्हतें; परंतु बाहेरून कांहींतरी अंगांत शिरतें व मग शरीर बिघडतें, इतकें त्यानें नि:संशय जाणलें होतें.

लक्षणांचा भाग सर्व प्रकरणांत उत्तम उतरला आहे. बाह्य फिरंग विस्फोटासारखा असतो, त्यास वेदना थोडी, तो व्रणाप्रमाणें फुटतो, आणि तो सुखसाध्य असतो. आभ्यंतर फिरंग सांध्यांत शिरतो, आमवाताप्रमाणें पीडा व सूज उत्पन्न करतो, आणि तो कष्टसाध्य. तिसऱ्यांत दोहोंचीं लक्षणें. यांतील 'वेदना थोडी' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. या रोगाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाहीं, ही गोष्ट आजचे वैद्य मुद्दाम सांगतात, कारण न दुखणाऱ्या व्रणाकडे रोगी दुर्लक्ष करतो आणि तेथेंच घात होतो. संसर्गापासून सुमारें तीन आठवड्यांनीं हा व्रण उठतो, औषधावांचूनही कांहीं दिवसांनीं आपोआप भरतो. पुढें अंगावर पुरळ येतो, ज्वर व सांधेदुखी होते, तेंही मावळतें. आणि मग रोग वर्षानुवर्षें लपून राहून कित्येकांत हाडें, नाक, हृदयाजवळची महाधमनी किंवा मेंदू यांवर घाला घालतो. या दीर्घ लपंडावाचा उलगडा भावमिश्रास झालेला दिसत नाहीं. बाह्य फिरंगास तो सुखसाध्य म्हणतो, त्याचें कारण उघड आहे: व्रण भरला, रोगी आनंदानें घरीं गेला, वैद्यानें रोग गेला असें मानलें. तोच मनुष्य दहा वर्षांनीं नाक बसून परत आला तेव्हां हें त्याच व्रणाचें फळ होय, हें जोडून पाहण्यास एका वैद्याजवळ त्याच रोग्याचा दीर्घकाळचा वृत्तान्त असावा लागतो. म्हणून त्याचे बाह्य व आभ्यंतर हे 'प्रकार' आहेत, 'अवस्था' नव्हेत. आजच्या तीन अवस्था घेऊन त्याच्या तीन प्रकारांवर एकास एक बसविणारे लेखक येथें चुकतात.

उपद्रव त्यानें सहा मोजले आहेत: कार्श्य, बलक्षय, नासाभंग, अग्निमांद्य, अस्थिशोष आणि अस्थिवक्रता. नासाभंग हा त्यांतला मुकुटमणि. ज्यानें तो लिहिला त्यानें असा रोगी पाहिला होता यांत शंका नाहीं. परंतु या यादीविषयीं एक संशय आम्ही वाचकांपुढें ठेवतों. ज्या काळीं हा ग्रंथ झाला त्या काळीं या रोगावर पाऱ्याचे तीव्र प्रयोग चालू झाले होते, आणि पाऱ्यानेंही मनुष्य वाळतो, शक्ति जाते, अन्नद्वेष होतो, हिरड्या सुजतात व दांत पडतात. हाडांचे विकार रोगाचे कीं पाऱ्याचे, याविषयीं युरोपांतील वैद्यांतही पुढें एकोणिसाव्या शतकापर्यंत वाद माजला होता. तेव्हां भावमिश्रानें मोजलेल्या उपद्रवांत कांहीं भाग औषधाचा असण्याचा संभव नाकारतां येत नाहीं. विशेषतः कार्श्य, बलक्षय व अग्निमांद्य यांविषयीं. नासाभंग व अस्थिवक्रता हीं मात्र रोगाचींच फळें म्हणून प्रसिद्ध आहेत. जो उपद्रव त्यानें सांगितलाच नाहीं तोही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: आईकडून गर्भास होणारी बाधा. बाळरोगांचा विचार हा ग्रंथकार अन्यत्र करतो, पण हें नातें त्याच्या लक्षांत आलें नाहीं.

आतां चिकित्सा. पहिला मान रसकर्पुरास दिला आहे. गव्हाच्या कणकेची लहानशी कुपी करावी, तींत चार गुंजा औषध घालून, बाहेर यत्किंचितही दिसणार नाहीं अशी गोळी वळावी, लवंगेच्या बारीक चूर्णांत ती घोळावी, दांतांस न लागतां पाण्याबरोबर गिळावी, वर विडा खावा; भाजी, आंबट, खारट, श्रम, ऊन, प्रवास व स्त्रीसंग वर्ज्य करावा. असें केल्यानें तोंड येत नाहीं, हें तो मुद्दाम सांगतो. या एका वाक्यांत केवढा अनुभव सांठविलेला आहे! म्हणजे अशी युक्ति न करतां औषध दिलेले रोगी त्यानें पाहिले होते, त्यांचें तोंड सुजलें होतें, लाळ गळत होती, आणि त्यास तें बरें वाटलें नव्हतें. त्याच काळीं युरोपांतील वैद्य लाळ गळणें हेंच औषध लागू पडल्याचें चिन्ह मानून ती मुद्दाम वाहवीत असत. या बाबतींत आमचा ग्रंथकार अधिक दयाळू होता. मात्र त्याची उपपत्ति अपुरी आहे. कणकेच्या वेष्टनानें औषधाचा प्रत्यक्ष दाह चुकेल, पण पारा रक्तांत शिरून लाळेवाटे पुन्हा तोंडांत येतो, त्यास वेष्टन काय करणार?

याहून गंभीर प्रश्न रसकर्पुराच्या स्वरूपाचा आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत रसकर्पूर म्हणजे कॅलोमेल असें धरून त्याची चर्चा केली आहे. परंतु पारा व मीठ यांपासून उडविलेल्या द्रव्यांत कृतीच्या थोड्या फरकानें कॅलोमेलऐवजीं त्याचा दाहक भाऊ निघूं शकतो, किंवा दोहोंचें मिश्रण. चार गुंजा म्हणजे सुमारें अर्धा ग्राम. इतकें कॅलोमेल पोटांत गेलें तर रेच होईल. इतकें दाहक पारदलवण गेलें तर मनुष्य मरण्याचा संभव. एकच शब्द, एकच मात्रा, आणि परिणाम एवढा विपरीत. म्हणून जुन्या बाडांतील 'गरमीवर औषध' या मथळ्याखालचीं टिपणें 'पूर्वजांचे अनुभविक उपाय' म्हणून जशींच्या तशीं छापून लोकांच्या हातीं देण्याची जी हौस हल्लीं दिसते, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. टिपणें जरूर छापावीं. तीं इतिहासाचीं साधनें आहेत. पण तीं पथ्यापथ्याचें पुस्तक म्हणून छापूं नयेत. इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंत महोनी व त्याचे सहकारी यांनीं या रोगावर पेनिसिलिनचा गुण दाखवून दिला, आणि आज आरंभीच्या अवस्थेंतील रोग त्या जातीच्या औषधाच्या बहुधा एकाच मात्रेनें बरा होतो. असें असतां कोणी लाजेपोटीं डॉक्टराकडे न जातां पोथीतला रसकर्पूर घेईल, तर त्याचें पाप पोथीस न लागतां ती अविचारानें छापणाऱ्यास लागेल.

बाकीचे प्रयोग थोडक्यांत सांगतों. पारा, खैर, अक्कलकारा व मध यांच्या सात गोळ्या, सप्तशाली या नांवानें. पारा, गंधक व तांदूळ यांच्या कज्जलीची सात दिवस धुरी. आणि पिवळ्या फुलांच्या बलेच्या पानांच्या रसांत पारा घालून तो दिसेनासा होईपर्यंत तळहातांनीं मर्दन, मग हातांस शेक. तिन्हींत सात ही संख्या फिरते. धुरी व मर्दन हे दोन्ही मार्ग त्या काळीं युरोपांतही चालत. तेवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाहीं, कारण पारदविद्या आपल्याकडे शेंकडों वर्षें आधीं प्रौढ झालेली होती.

उसनवारी निर्विवाद आहे ती चोपचिनीची. हिचें चूर्ण मधाबरोबर द्यावें व मीठ वर्ज्य करावें, न राहवल्यास सैंधव घ्यावें, असें प्रकरणाच्या शेवटाकडे सांगितलें आहे. नांव फारसी, अर्थ 'चिनी लाकूड'. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला, गोंव्यास राहिला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही त्याची ये-जा होती. त्याचा वनस्पतींवरील संवादग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोंव्यांतच छापला गेला. त्यांत हें मूळ इकडे इ. स. १५३५ च्या सुमारास ठाऊक झाल्याचें तो सांगतो. इ. स. १५४६ मध्यें तर शारीरविद् वेसालियस यानें त्याच मुळावर लिहिलेलें पत्र बाझेल येथें छापून निघालें. म्हणजे दहाबारा वर्षांच्या आंत या चिनी मुळाची कीर्ति युरोपभर पसरली होती. दुसऱ्या बाजूस, भावप्रकाशाची एक प्रत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें असून तिचा काळ इ. स. १५५८ असल्याचें योली यानें नमूद केलें आहे. यावरून ग्रंथरचना १५३५ व १५५८ यांच्या दरम्यानची, असें गणित मांडण्यांत येतें. गणित सुबक आहे, पण दोन्ही टोंकें तपासून घेतलीं पाहिजेत. खालची मर्यादा गोंव्याची आहे. चोपचिनी खुष्कीनें इराणाकडून उत्तर हिंदुस्थानांत थोडी आधीं आली असल्यास ती मागें सरकेल. वरची मर्यादा पुष्पिकेवर अवलंबून आहे, आणि लेखक मूळ प्रतीचा शक जसाच्या तसा उतरून ठेवतात ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुष्पिकेचा शक मूळ प्रतीवरून उतरलेला ठरला तर ग्रंथ १५५८ पूर्वींचाच राहतो. मागाहूनच्या हातानें घातलेला ठरला तर वरचें टोंक सुटतें.

राहिला प्रक्षेपाचा प्रश्न. हें प्रकरण मागाहून कोणी घुसडलें असेल काय? अशी शंका निराधार नाहीं. माधवनिदानाच्या कित्येक छापील आवृत्तींना शेवटीं परिशिष्ट जोडून नंतरच्या ग्रंथांतील रोग त्यांत घातलेले असतात, आणि वरवर पाहणारा ते माधवकराच्या माथीं मारतो. भावप्रकाशांत तसें झालेलें नसावें, असें मानण्यास एक आंतरिक प्रमाण आहे. पूर्वखंडांतील निघंटूंत, हरीतक्यादि वर्गांत, वचेच्या जातींमध्यें द्वीपांतरवचा म्हणून चोपचिनीचे गुण दिले असून ती विशेषतः फिरंगाचा नाश करते असें सांगितलें आहे. फारसी नांव प्रचारांत असतां त्यास हें संस्कृत नांव ज्यानें दिलें, त्याच्या कानावर तें मूळ समुद्रापलीकडून आल्याची वार्ता होती, हेंही येथें सहज लक्षांत येतें. निघंटु व रोगाधिकार अशा दोन दूरच्या स्थळीं एकच गोष्ट परस्परांशीं जुळून यावी, याचें सरळ कारण दोहोंचा कर्ता एक हेंच होय. प्रक्षेप करणारा एक जागा गांठतो. दोन खंडांत इतक्या सावधपणें हात फिरवीत नाहीं.

तरी पण हें प्रमाण छापील प्रतींवर आधारलेलें आहे, व हस्तलिखितांनीं त्याची पडताळणी झाली पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं भावप्रकाशाच्या पोथ्या असतील, मग त्या खंडित कां असेनात, त्यांनीं तीन गोष्टी पाहून कळवाव्या: पूर्वखंडांत वचेनंतर द्वीपांतरवचेचा श्लोक आहे कीं नाहीं; मध्यमखंडांत फिरंगाधिकार कोणत्या प्रकरणानंतर येतो, त्याचा क्रमांक मूळ हाताचा आहे कीं समासांत मागाहून घातलेला; आणि रसकर्पुराची मात्रा गुंजांत किती दिली आहे. पुष्पिका असल्यास तिची अक्षरशः नक्कल, शक-संवत्सर, वार व तिथि यांसह, सोबत जोडावी. वाराचा व तिथीचा मेळ आम्ही घालून पाहूं.